मागचं पुढे

आमच्या सोसायटीच्या लॉबीत वॉचमनच्या टेबलावर एक छोटा स्क्रीन आहे. नऊ चौकोन, नऊ कॅमेरे. एका रविवारी दूध घेऊन आलो आणि लिफ्ट खाली येईपर्यंत उगाच त्यात डोकावलो. तिसऱ्या चौकोनात एक माणूस पाठमोरा उभा होता. हातात पिशवी, अंगात घरातला टी-शर्ट आणि डोक्याच्या मागच्या भागावर बशीएवढी उघडी जागा. सातव्या मजल्यावरचे काका असतील असं वाटलं. ‘काय काका, लवकर?’ असं म्हणायला मी वळलोसुद्धा. लॉबीत माझ्याशिवाय कोणीच नव्हतं.

कपाळ मोठं होत चाललंय हे मला माहीत होतं. ते आरसा रोज सांगतो, हप्त्याहप्त्यानं सांगतो, त्यामुळे सवय होते. भोवऱ्याचं मात्र कोणी सांगत नाही. बायकोला माहीत असतं, मागच्या सीटवर बसणाऱ्याला माहीत असतं, सलूनवाल्याला तर तुमच्या आधी दोन वर्षं माहीत असतं. तो बिचारा दुसरा आरसा मागे धरून दाखवायचं हळूच बंद करतो. आठवून पाहिलं तर आमच्याकडचा आरसा बंद होऊन बराच काळ झाला होता.

आमच्या घरात भोवऱ्याला मान होता. लहानपणी आत्या येईल त्या पोराचं डोकं धरून भोवरे मोजायची, कारण दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. माझा एकच निघाला म्हणून आई निर्धास्त झाली होती. रविवारी न्हाऊ घालण्याआधी ती खोबरेल तेल तळहातावर घेऊन बरोबर त्या भोवऱ्यावर थापायची, भाकरी थापल्यासारखं. आता तिथे तेल लावलं तर थेट कातडीवर लागतं, हे मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी एका सीसीटीव्हीने सांगितलं.

बाबांचं टक्कल मी जन्मापासून पाहिलेलं. माझगाव डॉकमध्ये ते फिटर होते. बत्तिशीत डोकं मोकळं झालं आणि त्याचा सगळा दोष त्यांनी हेल्मेटवर टाकला. ‘दिवसभर डोकं शिजतं रे त्यात,’ असं ते सांगायचे. नेहरूनगरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना ते पटायचं. हेल्मेट घालून टक्कल पडत नाही हे मला पुढे कळलं, पण तोवर बाबा निवृत्त झाले होते आणि त्यांच्याकडून हेल्मेट काढून घेण्यात अर्थ नव्हता.

त्यांच्याकडे कंगवा मात्र कायम असायचा. शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी, तपकिरी, एक दात तुटलेला. कानांच्या वर आणि मानेवर जी झालर उरली होती ती ते दिवसातून तीनदा विंचरायचे. कुर्ल्याहून गाडीत बसलो की डब्यातला एखादा पंखा हमखास अडकलेला असायचा. साध्या लोकलमधला पंखा हा बटणावर चालत नाही, कोणीतरी जाळीतून कंगवा घालून पात्याला धक्का द्यावा लागतो. ‘कंगवा आहे का कोणाकडे?’ अशी हाक आली की डब्यातले केसवाले खिसे चाचपत बसायचे आणि बाबा उठून आपला कंगवा पुढे करायचे. सगळा डबा हसायचा. बाबाही हसायचे, त्यांना ते आवडायचं. मी आठ-नऊ वर्षांचा, खिडकीबाहेर बघायचो.

‘टक्कल आईकडून येतं, मामाकडे बघ,’ असं सगळे सांगायचे. माझा मामा सत्तरीत आहे आणि अजूनही त्याला न्हाव्याकडे जाऊन केस पातळ करून घ्यावे लागतात. त्याच्याच मांडीवर बसवून माझं जावळ काढलं होतं. मी आता गमतीनं म्हणतो की ते त्यानंच ठेवून घेतलं. खरं म्हणजे या समजुतीत अर्धा दाणा आहे. टकलाशी संबंधित एक महत्त्वाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. पण असे जीन बरेच आहेत आणि ते दोन्ही घरांकडून येतात. माझ्या बाबतीत नेहरूनगरचं पारडं जड झालं, एवढंच.

घडतं ते असं. पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी तयार होतं. कपाळाकडच्या आणि भोवऱ्याकडच्या केसांची मुळं जन्मजातच त्याला हळवी असतील, तर ती आखडत जातात. डोक्यावरचा केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने विसावा घेऊन गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. हळव्या मुळातून येणारा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड असतो, शेवटी नुसती लव उरते. म्हणजे केस ‘गळून’ टक्कल पडतं हे पूर्ण खरं नाही. गळतात सगळ्यांचेच, रोज पन्नास ते शंभर. आपल्याकडे परत येणारा अर्धवट येतो. अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं की वयात येण्याआधी अंडकोश काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. हा उपाय मी बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘नको, आहे तेच बरं.’

ती तसं नेहमीच म्हणत आली आणि मनापासून म्हणत आली. तिचा काही आक्षेप नव्हता, ऑफिसात कोणी हसत नव्हतं, लग्न जमायचं राहिलं नव्हतं. मग मला काय खुपत होतं? लोक ‘न्यूनगंड’ म्हणतात, तो शब्द मला कधी लागू वाटला नाही. माझी तक्रार वेगळी होती. माझं डोकं माझा फार वेळ खात होतं. मुलुंडहून गाडीत चढताना पंख्याखालची सीट टाळायची. दारात उभं राहायचं नाही, कारण दारातला वारा पुढचे केस उचलून मागे टाकतो आणि सगळं लपवलेलं उघडं पडतं. ग्रुप फोटोत मागच्या रांगेत जायचं, म्हणजे भोवरा भिंतीकडे राहतो. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपखाली चार जाडजूड पुस्तकं ठेवली होती, कॅमेरा वर जावा म्हणून. मग ध्यानात आलं की कॅमेरा वर गेला की कपाळ वाढतं, तेव्हा दोन काढली. रोज असे वीस-पंचवीस छोटे हिशेब. केस मला दिसायला नको होते, विसरायला हवे होते. ज्यांना केस आहेत ते केसांचा विचार करत नाहीत, ही त्यांची खरी चैन.

मधल्या काळात मी काय काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवीन काही नाही. माक्याचं तेल, जास्वंदीचं तेल, कांद्याचा रस. कांद्याच्या रसाने केस आले नाहीत, शेजारच्या बाईंनी मात्र ‘आज भजी का?’ विचारलं. मग ती पावडर. केराटिनचे बारीक काळे तंतू असतात, मिरपुडीसारखे शिंपडायचे, ते असलेल्या केसांना चिकटतात आणि टाळू झाकतात. डिसेंबरात उत्तम. मे महिन्यात भायखळा ते सीएसएमटी गाडी वीस मिनिटं खोळंबली त्या दिवशी ती घामाबरोबर मानेवरून उतरली आणि पांढऱ्या कॉलरवर काळा ओघळ आला. ऑफिसात ‘छत्री गळतेय का?’ असं कोणीतरी विचारलं. मे महिन्यात!

अंधेरीला एका चकचकीत ठिकाणी पहिल्यांदा गेलो. डॉक्टर भेटलेच नाहीत. टाय घातलेल्या एका मुलानं माझं डोकं टॅबवर फिरवून दाखवलं, ‘अनलिमिटेड ग्राफ्ट्स’चं पॅकेज सांगितलं, आजच बुक केलं तर वीस टक्के सूट आणि ईएमआय. अनलिमिटेड हा शब्द मला थाळीसाठी ठीक वाटतो. माझ्या डोक्याच्या मागे अनलिमिटेड काय आहे, हे मला कळेना.

कारण या शस्त्रक्रियेत नवीन केस तयार होतच नाही. मागचा उचलून पुढे लावतात, बस. सगळी विद्या एवढीच आणि ती चालते याचं कारण गमतीदार आहे. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये हे पहिल्यांदा टकलावर केलं आणि १९५९ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं, की केस कुठे लावला यावर काही ठरत नाही, तो कुठून आणला यावर ठरतं. मानेकडच्या आणि कानामागच्या मुळांना डीएचटीची फारशी पर्वा नसते. ती कपाळावर नेऊन लावली तरी तिथेही पर्वा करत नाहीत. पन्नास वर्षं मुंबईत काढून ‘आमच्याकडे’ म्हटल्यावर ज्याच्या मनात संगमेश्वर येतं, अशा चाकरमान्यासारखा हा केस. जपानमध्ये ओकुदा यांनी १९३९ मध्येच असे केस भाजलेल्या टाळूवर आणि भुवयांवर लावले होते, पण महायुद्धाच्या धामधुमीत ते जपानबाहेर कोणी वाचलं नाही. ओरेंट्राइक यांच्या काळी चार मिलिमीटरचे गोल तुकडे काढत. बाहुलीच्या डोक्यावर दिसतात तसे केसांचे झुबके उगवायचे. आता एकेक ग्राफ्ट, म्हणजे एक ते चार केसांचं नैसर्गिक कुटुंब, एक मिलिमीटरहून लहान पंचने, म्हणजे गोल पोकळ पात्याने, सुटं काढतात. एफयूई म्हणतात ते हेच. दुसऱ्या पद्धतीत मागची एक पट्टीच कापून तिचे तुकडे करतात, त्यात रेघेसारखा व्रण राहतो.

दादरला ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे शेवटी गेलो, त्यांनी पहिली पंधरा मिनिटं माझ्या मागच्या केसांवर भिंग फिरवलं. पुढे बघितलंच नाही. ‘दुकानात माल किती आहे ते आधी बघू,’ म्हणाल्या. मग वडिलांचा फोटो मागितला. मी मोबाइलमधून बाबांचा काढून दिला. त्यांनी तो मोठा केला, झालर पाहिली आणि म्हणाल्या, ‘तुमचा शेवट असा होऊ शकतो, असं धरून मी काम करणार.’ नॉरवूड नावाच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये हॅमिल्टन यांच्याच वर्गवारीवर आधारून टकलाच्या सात पायऱ्या पक्क्या केल्या, त्यांत बाबा सातवीवर आणि मी चौथीवर. परीक्षेत असतो तर बापाच्या पुढे जायची घाई झाली असती.

त्यांनी ऑपरेशनला सरळ नकार दिला. आधी एक वर्ष औषध. नुसते केस लावले आणि मूळचे पडत राहिले तर लावलेले केस बेटासारखे उरतात, आजूबाजूला खाडी. भोवऱ्याला तर हे हमखास होतं, कारण टक्कल तिथे चकतीसारखं बाहेर पसरत जातं. औषधं दोन. मिनोक्सिडिल, जी मुळात रक्तदाबाची गोळी होती आणि घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्यावर जिचं डोक्याला लावायचं औषध झालं. आणि फिनास्टेराइड, डीएचटी कमी करणारी, एक मिलिग्रॅम, केसांसाठी १९९७ पासून वापरात. दुसरीचे दुष्परिणाम बाईंनी न अडखळता सांगितले. काही थोड्या पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होते, तसं वाटलं तर लगेच फोन करायचा, लाजायचं नाही. पुढे कधी प्रोस्टेटची पीएसए तपासणी केली तर गोळी घेतो हे सांगायचं, कारण तिने तो आकडा जवळजवळ निम्मा दिसतो. आणि रक्तदान करायचं नाही. ते रक्त गरोदर बाईला दिलं गेलं तर पोटातल्या मुलग्याला धोका.

या शेवटच्या अटीनं मला सगळ्यात जास्त छळलं. आमच्या मंडळाचं गणपतीत शिबिर असतं आणि मी कार्यकर्ता, पंधरा वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो. त्या साली टेबलाशी उभा राहून इतरांचे फॉर्म भरून घेतले. ‘दादा, तू झोप की,’ म्हटल्यावर ‘बीपी थोडं वर आहे,’ असं सांगितलं. एकानं लगेच बीपीचं मशीन आणलं. मग फोन आल्याचं नाटक करून मांडवाबाहेर गेलो आणि बराच वेळ कानाला बंद फोन लावून उभा राहिलो.

टकलू म्हणवून घ्यायला मला एवढी लाज वाटली नव्हती. बायकोनं पार्लरमध्ये दोन हजार खर्च केले तर ते घरात मोठ्यानं सांगता येतं. पुरुषानं डोक्यासाठी गोळी घेतली तर त्याला बीपी काढावं लागतं. आमच्यासारख्या घरांत दोन लाखांचं सोनं घ्या, गावच्या घराला कौलं घाला, मुलाला क्लास लावा, सगळं चालतं. त्याच दोन लाखांचे केस घेतले म्हणजे माणूस वाया गेला. मलाही ते पटतं, हीच खरी पंचाईत.

वर्षभरात गळती थांबली. भोवऱ्यावर थोडी दाटी आली, कपाळ होतं तिथेच राहिलं. तेव्हा बाई तयार झाल्या. बायको मात्र त्या आठवड्यात बातम्या वाचू लागली होती. २०१९ मध्ये मुंबईतच हेअर ट्रान्सप्लांटनंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला होता. एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट काढल्याचं तेव्हा छापून आलं होतं. रात्री तिनं ते मला वाचून दाखवलं आणि दिवा बंद केला. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं. त्यांना राग आला नाही. उलट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं काढलेल्या सूचना सांगितल्या. ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरनेच करायची, आणि यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं आयोगाला त्यात लिहावं लागलं. लिहावं लागलं म्हणजे कोणीतरी तसं करत असणार. ‘नऊ हजार तुमच्या डोक्यात काय, कोणाच्याच डोक्यात मागे सहजी नसतात,’ त्या म्हणाल्या. ‘आपण अठ्ठावीसशे काढू, आणि तुम्हाला मध्ये जेवायला सोडू.’

आदल्या आठवड्यात कपाळावर रेघ आखली. मी कॉलेजच्या आयकार्डावरचा फोटो नेला होता. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि रेघ फोटोतल्यापेक्षा माझ्या बोटाची दीड पेरं वर काढली, दोन्ही कोपरे मागे ठेवून. मी कुरकुरलो. ‘विशीतली रेघ साठीच्या चेहऱ्यावर विग वाटते,’ म्हणाल्या. ‘आणि खाली आणलेल्या प्रत्येक बोटासाठी शेकड्यांनी ग्राफ्ट लागतात. मग भोवऱ्याला काय देऊ?’ शेवटी एकवीसशे पुढे, सातशे मागे असं ठरलं. भोवरा खाऊ असतो. तिथे केस गोल फिरत बाहेर पडतात, एकावर एक पडून झाकत नाहीत, त्यामुळे कितीही घातले तरी कमीच दिसतात.

बिल आधीच कळलं होतं. ग्राफ्टला साठ रुपये, म्हणजे १,६८,०००. वर अठरा टक्के जीएसटी, ३०,२४०. दवाखान्याच्या बिलावर जीएसटी कसला, म्हणून मी सीए असलेल्या मित्राला विचारलं, अर्थात ‘एका मित्रासाठी’. उपचारांना सूट आहे, पण त्या सूट देणाऱ्या अधिसूचनेत हेअर ट्रान्सप्लांट नाव घेऊन वगळलंय. अपघातानं किंवा जन्मजात दोषानं काही गेलं असेल तर गोष्ट निराळी. बापाकडून आलेलं टक्कल जन्मजात धरत नाहीत.

शनिवारी सकाळी मुलुंडहून रिकामी गाडी मिळाली. आठ वाजता मशीननं डोकं साफ केलं, मी पालथा झोपलो, तोंड एका गोल उशीच्या भोकात. दुखतं ते फक्त भूल देताना. टाळूभर सुया, दहा-एक मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत माणूस आपल्या आयुष्यातल्या सगळ्या निर्णयांचा फेरविचार करतो. मग काहीच नाही. नुसता मोटरचा बारीक गुणगुणाट आणि मधूनच कर्र असा आवाज, जो कानानं नाही, हाडानं ऐकू येतो. मागच्या बाजूला बाई पंच मारत होत्या. दोन मुली चिमट्यानं ग्राफ्ट उचलून थंड सलाईनच्या काचेच्या बशीत मांडत होत्या, एकेरी वेगळे, दुहेरी वेगळे, तिहेरी वेगळे. त्यांच्या गप्पा विरारच्या गाडीत विंडो सीटवरून झालेल्या भांडणाच्या होत्या. ‘तीनशे दहा’, ‘तीनशे वीस’ असे आकडे मध्येच यायचे आणि भांडण पुढे सरकायचं.

दुपारी इडली खाल्ली. आरशात बघायला दिलं नाही. मग उताणा, आणि बाईंनी कपाळावर सूक्ष्म चिरा द्यायला घेतल्या. ही खरी कारागिरी. सगळ्यात पुढे एकेरी केस, कारण पुढची कड मऊ दिसली पाहिजे. ती सरळ नाही, मुद्दाम थोडी वेडीवाकडी. त्यामागे दुहेरी. प्रत्येक चिरेचा कोन असा की केस पुढे झुकून उगवेल. भोवऱ्याशी आल्यावर त्या थांबल्या. उरलेल्या केसांवरून माझा भोवरा कुठल्या दिशेने फिरतो ते भिंगातून पाहिलं आणि विचारलं, ‘एकच आहे ना हो?’ हसलो तशा ओरडल्या, ‘हलू नका.’ बहुतेकांचा फिरतो तसा माझाही घड्याळाच्या काट्यांसारखा निघाला. त्याच वळणानं त्यांनी सातशे चिरा मारल्या. आईनं थापून थापून जिरवलेल्या तेलाची जागा कोणीतरी इतक्या काळजीनं मोजतंय, हे बघायला ती असायला हवी होती. संध्याकाळी साडेपाचला उठलो. पाठ मोडली होती, डोकं नव्हतंच.

पुढचं भराभर सांगतो. पाच रात्री अर्धवट बसून झोपलो. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली आणि मुलगी माझ्याकडे बघायची बंद झाली. दर तासाला सलाईनचा फवारा. दहाव्या दिवशी खपल्या शाम्पूबरोबर गेल्या. ऑफिसात ‘घरून काम’ आणि नंतर टोपी.

बाराव्या दिवशी नेहरूनगरला गेलो. बाबांना सांगितलं नव्हतं. ‘घरात टोपी कसली?’ म्हणाले. काढली. चष्मा लावून त्यांनी पुढून पाहिलं, मग खांदे धरून मला फिरवलं आणि मागून पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘लावणी केलीस?’

‘हो.’

‘तरवा मागनं काढला?’

‘हो.’

‘तिथे परत येतात?’

‘नाही.’

‘मग लावणी कसली? नुसती जागा बदलली.’ किती पैसे पडले विचारलं. मी निम्मा आकडा सांगितला. तरी ते ‘हं’ म्हणाले. चहा झाला. मी निघताना दारात आले आणि आवाज खाली करून म्हणाले, ‘त्या डॉक्टरीणबाई भुवयांचं पण करतात का रे?’

मी त्यांच्या भुवया तोवर कधी बघितल्याच नव्हत्या. डावी जवळजवळ गेली आहे.

महिन्याभरात लावलेले सगळे केस गळले. हे होणार असं बाईंनी तीनदा सांगितलं होतं. मूळ आत राहतं, वरचा केस हादऱ्यानं पडतो. पण उशीवर दोन लाख रुपये पडलेले बघताना सांगितलेलं आठवत नाही. बाबांना फोन केला तर ते शांत होते. लावणीनंतर आठवडाभर रोप पिवळं पडतंच, त्यात पाय घालू नये, म्हणाले. चौथ्या महिन्यात तारेसारखे, कुरळे, उद्धट केस आले. सातव्यात ते वळणावर आले. नवव्यात पुढची बाजू खरोखर चांगली दिसू लागली. मागची तेवढी नाही. भोवऱ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि मग तरी सातशेच.

कोणाच्याही लक्षात आलं नाही. ‘बारीक झालास का?’ एवढंच. अपवाद सलूनवाल्याचा. पहिल्याच कटिंगला मशीन मानेवर टेकवलं, थांबला आणि मशीनचा नंबर बदलला. ‘मागे यापेक्षा बारीक करत नाही हं, टिपके दिसतील,’ एवढं बोलला. आरशातून बघत पुढे म्हणाला, त्याच्याकडे असे अकरा जण येतात. कोण ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण तेव्हापासून आमच्या रस्त्यावर चालताना मी पुरुषांच्या माना बघतो. डोकं विसरायला म्हणून गेलो होतो, आता अकरा अनोळखी डोक्यांचा हिशेब मागे लागलाय. कटिंग संपल्यावर त्यानं मागे दुसरा आरसा धरला, न सांगता.

परवा, मे महिन्याची सकाळ, साधी गाडी, मुलुंडला चौथी सीट मिळाली. बरोबर डोक्यावर पंखा, बंद. पूर्वी मी तिथे बसलोच नसतो. समोरच्या पोरानं वर बघितलं, डबाभर नजर फिरवली आणि थेट मला विचारलं, ‘काका, कंगवा आहे?’

डब्यातल्या एवढ्या लोकांत त्यानं मला विचारलं. हात खिशाकडे गेला. खिशात पास, मोबाइल आणि पेन. दहा वर्षांत मी कंगवा घेतलाच नव्हता. पेन दिलं. ते पुरेना, तो सीटवर चढला, टोकानं पात्याला दोनदा ढकललं आणि पंखा खडखडत फिरू लागला. वारा सरळ माझ्या डोक्यावर आला, तसा माझा हात आपसूक भोवऱ्यावर जाऊन बसला. तो खाली घेईपर्यंत घाटकोपर आलं, दारातून लोंढा आत शिरला, कोणीतरी खांद्यावर थोपटून ‘जरा सरका’ म्हणालं, आणि आम्ही चौघंही सरकलो.